नळाजवळचा खड्डा

प्रिय बारक्या,

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, असं तुझी वहिनी म्हणते. पण दुसरं काही लिहायला गेलो की पेनच अडतं, त्यामुळे चालवून घे. हे पत्र मी शाळेच्या गच्चीवर बसून लिहितोय. खाली खोक्याचा पुठ्ठा अंथरलाय, डोक्यावर सोलर पॅनलची सावली आहे आणि जेवणाच्या सुट्टीतला पोरांचा कलकलाट खालून वर येतोय. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं हवापाणी आणि गुडघे यांच्या पुढे कधी गेलोय? शिवाय जे सांगायचंय ते सांगायला लागलो आणि तू मध्येच 'जाऊ दे रे दादा' म्हणालास, की मी खरंच जाऊ देईन. सतरा वर्षं तेच करत आलोय. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

शाळा कुठली, हे तू ओळखलं असशील. आपण दोघांनी जिचं वायरिंग केलं तीच. आता तू हा कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवणार आणि दुकानातल्या सायकलींकडे वळणार, तेही मला माहीत आहे. ठेवू नकोस. बातमी चांगली आहे. माझ्याबद्दल फारशी चांगली नाही, पण तुझ्याबद्दल फार चांगली आहे. शेवटपर्यंत वाच.

शाळेवर सोलर बसवायचं काम तुझ्या पुतणीने घेतलंय. भिंगरी आता स्वतः फिरत नाही, हेल्मेट घालून दुसऱ्यांना फिरवते. मी तिच्या हाताखाली जुना वायरमन म्हणून लागलोय आणि सकाळी साडेआठच्या पुढे पाच मिनिटं झाली तर पोटची पोर मला घड्याळ दाखवते. पहिल्याच दिवशी तिने मला कमरेला पट्टा बांधायला लावला. मी म्हटलं, अगं, चाळीस वर्षं शिड्या चढतोय मी. तर म्हणाली, बाबा, ते शिडीला माहीत नाही ना. हे तोंड तिला तुझ्याकडून मिळालंय, माझ्याकडून नाही.

गच्ची साफ करण्यातच दोन दिवस गेले. पोरांनी वर मारलेले सदतीस चेंडू निघाले, एक चप्पल निघाली, आणि एका डब्याचं झाकण. मुख्याध्यापिका बाईंनी सगळे चेंडू टोपलीत घालून सकाळच्या रांगेपुढे ठेवले. चौथीतल्या एका मुलीने त्यातला एक पार फिका पडलेला चेंडू उचलला आणि सांगितलं की हा माझ्या बाबांचा असणार, ते अजून त्याची आठवण काढतात. दुसरीतल्या एकीने मला गाठून विचारलं, ढग आले की शाळा सुटणार का? नाही म्हटल्यावर तिचा सोलरमधला सगळा रस संपला. चोवीस पॅनल आहेत, सहा-सहाच्या चार रांगा. खालच्या तिसरीच्या वर्गात छत आधीच ओलं होतं, म्हणून भिंगरीने स्लॅबला एकही भोक पाडू दिलं नाही. सांगाड्याचे सगळे पाय सिमेंटच्या जड ठोकळ्यांत बसवलेत. ते ठोकळे वर चढवताना माझ्या कमरेने काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

अडचण आली ती इन्व्हर्टरपाशी. त्याला कोरडी, सावलीतली आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी भिंत हवी, आणि अशी भिंत शाळेत एकच, ऑफिसातली. त्या भिंतीवर एक फोटो होता. वायरिंग पूर्ण झालं त्या दिवशी काढलेला, आठवतो? मध्ये तेव्हाच्या मोठ्या बाई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू. तू गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, आणि माझी पँट अशी की आत्ताच इस्त्रीवरून उचलून घातली असावी. भिंगरीने फोटो उतरवला, ओढणीने काच पुसली आणि हसत सुटली. म्हणाली, बाबा, काम काय एकट्या काकानेच केलं होतं का? मला हसू आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोटो गुपचूप टेबलावर ठेवून दिला.

त्या पँटीबद्दल मला तुला सांगायचंय. आधी आपल्या वडिलांची, अप्पांची पद्धत आठव. जोडणी एकाने करायची, तपासायची दुसऱ्याने, स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. तपासणाऱ्याने पाना लावून बघायचं, मोठ्याने 'पक्कं' म्हणायचं, जोडणाऱ्यानेही ते म्हणायचं, आणि मगच झाकण. आपल्याला त्याची इतकी सवय की घराच्या दाराची कडी लावली तरी आपण दोघं ओरडायचो, आणि आई कपाळावर हात मारायची. वायरमन असंख्य असतील, पण हा खुळेपणा आपल्याच घरातला.

त्या दिवशी शेवटचं काम राहिलं होतं ते अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचं. तांब्याची प्लेट आदल्या दिवशीच कोळसा-मीठ घालून खोल पुरली होती. तिच्यावरून येणारी पट्टी आणि ऑफिसच्या बोर्डाकडून येणारी वायर वरच्या विटांच्या कुंडीत जोडायची, एवढंच बाकी होतं. तू खाली उतरून जोडणी केलीस. फरशीवाले खोळंबले होते, मोठ्या बाई फोटोसाठी घाई करत होत्या, आणि मी मुद्दाम फोटोसाठी म्हणून नवीन पँट घालून आलो होतो. तू खालून हाक मारलीस. मी काठावरच उभा होतो. वाकलोसुद्धा नाही, बारक्या. उभ्या उभ्या म्हटलं, पक्कं. तूही पक्कं म्हणालास, झाकण बसलं, वर फरशी बसली, आणि आपण जाऊन फोटोला उभे राहिलो.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला लिहून काढू दे. दोन महिन्यांनी पाण्याच्या मोटरीत बिघाड झाला, वीज पाइपातून नळात उतरली आणि पहिलीतली ती चिमुरडी ओल्या हाताने नळाला चिकटली. अर्थिंग शाबूत असतं तर फ्यूज उडून तिथेच विषय संपला असता. त्या दिवशी नवीन पंखा लावायला म्हणून तू शेजारच्या वर्गात स्टुलावर चढला होतास. किंकाळी ऐकल्याबरोबर तू स्टुलावरून उडी टाकलीस, आधी मेन स्विच पाडलास आणि मग तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळालास. पोर वाचली. पण चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने बोर्डावर मीटर लावला तेव्हा अर्थिंग मिळतच नव्हतं. फरशी उचलून बघायची त्याला गरज वाटली नाही. त्याने ठरवून टाकलं की खड्ड्यातली जोडणी सैल राहिली.

त्याने विचारलं, जोडणी कोणी केली? तू म्हणालास, मी. त्याने विचारलं, तपासली कोणी? तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी म्हटलं, मी काही पाहिलेलं नाही, तो खड्डा ह्याचा.

वाक्य तसं खरंच होतं, मी पाहिलं नव्हतंच. पण मी 'पक्कं' म्हटलं होतं, हे तिथे दोघांनाच माहीत होतं, आणि तू ते बोलला नाहीस. त्या अधिकाऱ्यापुढे नाही, अप्पांपुढे नाही, आईपुढे नाही, नंतर कधी भांडणातसुद्धा नाही. भांडण तरी कुठे झालं आपलं? तू पक्कड, टेस्टर, पाने सगळं पिशवीत घालून माझ्या दारात आणून ठेवलंस आणि गाव बदलून सायकलींचं दुकान टाकलंस. मी मूग गिळून बसलो. लोक हळहळले की धाकटा हुशार होता पण त्या एका नटाने त्याचा घात केला, तेव्हा मी मान डोलावली. आता घरातला दिवा गेला तरी तू बदलायला दुसऱ्याला बोलावतोस, असं तुझ्या बायकोने तुझ्या वहिनीला फोनवर सांगितलं. तुझ्या वहिनीने ते मला सांगितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण तरीही मी तुला पत्र लिहिलं नाही.

आता नवीन गोष्ट. सोलरला अर्थिंग चांगलंच लागतं. अपघातानंतर दुसऱ्या कोणीतरी शाळेमागे घाईने एक खड्डा केला होता, त्याचं रीडिंग भिंगरीने घेतलं तर ते भलतंच वर. हा आकडा जितका खाली तितकं चांगलं. ती म्हणाली, हा खड्डा ठार कोरडा पडलाय, बदलायला हवा. मग शाळेच्या कपाटातून तिने तुझा आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा शोधून काढला. तुझं ते बारीक सुबक अक्षर, प्रत्येक वायरीला वेगळा रंग. अंगणातल्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाली, हा बघू या, तांब्याची प्लेट आहे आणि शेजारी नळाचं पाणी सतत मुरतंय, कदाचित उत्तम निघेल.

मी म्हटलं, सोड, जुनं कशाला उकरायचं, नवीन करू. फरशी फुटेल म्हटलं, मुलांचं खेळणं बंद होईल म्हटलं. माझी कंबर, बाईंची परवानगी, जे सुचेल ते पुढे केलं. खरं कारण वेगळं होतं. तो नट सैल निघाला असता तर तुझ्या माथ्यावर कायमचा शिक्का बसला असता. आणि त्याच्यावर 'पक्कं' म्हणणारा मी होतो, हेही कायमचं ठरलं असतं. माझ्या लेकीच्या डोळ्यांदेखत. भिंगरीने माझी सगळी कारणं ऐकून घेतली आणि म्हणाली, बाबा, काकाने केलेली जोडणी आहे, मला बघायचीय. एवढं बोलून तिने स्वतः पहार हातात घेतली.

परवा सकाळी फरशी उचलली. मुलांना वर्गात बसवलं होतं, तरी खिडक्यांत डोकी होतीच. झाकण निघालं. कुंडीत ओली माती, त्याखाली ग्रीसचा काळा थर. भिंगरी खाली उतरून चिंधीने ग्रीस पुसत होती आणि मी काठावर उभा होतो. पुन्हा काठावरच. ती एकदम थांबली आणि म्हणाली, बाबा, इथे नेलपॉलिश कशाला लावलंय?

बारक्या, मी वरूनच ओळखलं. तुझी लाल रेघ. एकावर एक दोन नट, आणि दोन्हींवरून पट्टीपर्यंत ओढलेली लाल रेघ, नट केसभर जरी फिरला तरी ती तुटलेली दिसावी म्हणून. त्यासाठी तू वहिनीची बाटली पळवायचास आणि ती तुझ्यामागे लाटणं घेऊन धावायची. सतरा वर्षं मातीखाली राहून ती रेघ फिकी पडलीय, पण अखंड आहे. भिंगरीने पाना लावला, नट हलला नाही. मीटर लावला, त्या पोरीने शीळच घातली. आकडा इतका खाली की नवीन खड्ड्यालासुद्धा मिळायची मारामार. माझा जीव भांड्यात पडला, असं आपण ऊठसूट म्हणतो ना? त्याचा अर्थ मला परवा कळला. मी तिथेच फरशीवर बसून रडलो. खिडकीतली पोरं बघत होती, त्याचीही लाज वाटली नाही.

मग अर्थिंग तुटलं कुठे, ते आम्ही वायरीच्या मागावर गेलो. खड्ड्यापासून चार हातांवर नळाचा ओटा आहे. तुझ्या नकाशात नळ भिंतीलगत आहे, पण काम संपवून आपण निघून गेल्यावर, मुलांची गर्दी होते म्हणून ओटा पुढे घेतला होता. आपल्याला कोणी कळवलं नाही, आणि गवंड्यालाही कोणी सांगितलं नाही की खालून वायर गेलीय. ओट्याच्या कडेची वीट काढली तर वायरीची दोन टोकं समोरासमोर. कुदळीचा एक घाव, वर सिमेंट. संपलं. सतरा वर्षं तू ज्या नटाचा विचार करत आलास, त्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणजे मी त्या दिवशी खाली उतरलो असतो तरी तो अपघात टळला नसता, असं भिंगरी म्हणाली. तिला मी सगळं सांगितलं, पँटीसकट. ती म्हणते ते बरोबर आहे. पण खाली उतरून पाना लावला असता, तर त्या अधिकाऱ्याला छातीठोक सांगता आलं असतं की नट घट्ट आहे, बिघाड दुसरीकडे शोधा. आणि उतरलो नव्हतो तरी निदान एवढं म्हणता आलं असतं की पक्कं मी म्हटलं होतं, दोघांना धरा. तेवढंही मी केलं नाही. तिने माझी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, काकाला सांगा.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती नळाला चिकटलेली चिमुरडी आता ह्याच शाळेत पहिलीला शिकवते. वर्ग सोडून ती खड्ड्यापाशी आली आणि बराच वेळ ती लाल रेघ बघत उभी राहिली. मी तिला सांगायला लागलो की ह्या जोडणीत चूक नव्हती, तर तिला कळेचना मी कशाबद्दल बोलतोय. तिच्या घरी चूक कोणाची हा विषय कोणी कधी काढलाच नाही. तिला आठवतं ते एवढंच की एका काकांच्या खांद्यावर ती उलटी लटकत होती, त्यांच्या शर्टाला पंख्याच्या रंगाचा वास होता आणि ते पळता पळता तिला पाढे म्हणायला लावत होते, झोपू नये म्हणून. मग ते चार दिवस बघायला आले आणि नंतर आलेच नाहीत. तिने विचारलं, ते कुठे असतात? माझं त्यांना काही सांगायचं राहिलंय. बघ, तू स्वतःला नट सैल ठेवणारा म्हणत राहिलास आणि तिच्या घरात तू मेन पाडणारा आहेस. दोनाचा पाढा झाला होता, तिनाच्या मध्यावर दवाखाना आला, एवढं तिला पक्कं आठवतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. वायर नवीन टाकली, पण खड्ड्यातल्या तुझ्या जोडणीला हात लावला नाही. नवीन जोडणी तिच्या शेजारी केलीय आणि तुझ्या त्याच प्लेटवर अख्खी शाळा, वरचे चोवीस पॅनल आणि तो नळ टेकलाय. काल दुपारी मी खड्ड्यात उतरलो. गुडघे कुरकुरले, पँटीचा पार चिखल झाला. तुझ्या दोन्ही नटांना पाना लावला आणि मोठ्याने म्हटलं, पक्कं. सतरा वर्षं उशीर झाला, बारक्या. माझं चुकलं. पण अप्पांच्या पद्धतीत एकट्याने म्हणून भागत नाही, जोडणाऱ्यालाही म्हणावं लागतं, त्याशिवाय झाकण लागत नाही. म्हणून झाकण लावू दिलेलं नाही. खड्ड्यावर फळ्या टाकून दोरी बांधलीय. शाळेत उघडा खड्डा ठेवतात का म्हणून भिंगरी माझ्यावर भडकली होती, आता तीच फळ्यांवर पहारा देते. मुख्याध्यापिका बाईंनी शनिवारी सकाळी दहापर्यंतची मुदत दिलीय, तेव्हा मेन चालू करायचा आहे. तुझी पिशवी मी माळ्यावरून काढून, पाने पुसून सोबत आणलीय. ये. खाली वाकून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि तुला पटलं तर तो शब्द म्हण. मी काठावर उभा राहणार नाही, तुझ्याआधी खाली उतरलेला असेन.

तुझी वाट बघणारा, चिखलात माखलेला,
तुझाच दादा